बिगोनियाचा फोटो

गुनवोर दर रविवारी फोटो मागते.
ती पृथ्वीच्या पार तळाशी आहे,
बर्फावरच्या संशोधन केंद्रात तीस माणसांचा स्वयंपाक करते.
तिथं सध्या सूर्य मावळतच नाही,
खिडक्यांना काळी फडकी ठोकून झोपावं लागतं म्हणे,
आणि हिरवं काय, तर गोठवलेले मटार.

इथं ट्रोम्समध्ये उलटं.
नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला, तो आता
जानेवारीत डोंगराआडून डोकं काढील.
तिची सगळी झाडं माझ्याकडे:
नेचा, दोन कोरफडी आणि ती बिगोनिया,
जिची पानं जाताना ती बोट लावून मोजून गेली.
अकरा.

आता आठ. त्यातलं एक पिवळं.

म्हणून हा उजेडाचा खटाटोप.

ओट्यावरची ट्यूब लावली,
पानं दवाखान्याच्या भिंतीसारखी दिसली.
फ्लॅश मारला,
बिगोनिया चोरी करताना सापडल्यासारखी,
मागे तिची सावली दोन्ही हात वर करून उभी.
मग आईचा टेबललॅम्प, जुना, उबदार;
त्यात सगळ्याच पानांना हळद लागली.
वाटलं, बरंच की,
सगळीच पिवळी तर कुठलंच पिवळं नाही.
पण गुनवोरनं असल्या उजेडातले
स्वतःच्या लग्नाचे फोटोसुद्धा फाडले होते.

खालच्या मजल्यावरचा एइविन वर आला,
बोटींची इंजिनं दुरुस्त करतो तो,
हातात केक भाजायचा कागद.
म्हणाला, दिव्याच्या तोंडावर धर हा,
उजेड गाळून घ्यायचा, चहासारखा.
धरला. सावलीच्या कडा विरघळल्या,
पानांवरची लव उभी राहिली,
आणि त्या पिवळ्या पानाच्या शिरासुद्धा, एकूण एक.
चांगल्या उजेडाचा हाच त्रास.

मी कुंडी फिरवली.
पिवळं पान मागे, दिवा त्याच्याही मागे,
पुढच्या पानांच्या लाल कडा पेटलेल्या.
इतकं देखणं की माझाच विश्वास बसला.
एइविन काही बोलला नाही,
कागदाची घडी घालत राहिला.
पाठवला.

तासाभरात उत्तर:
मागून दिवा कशाला लावलास?
मागचं पान आरपार दिसतंय.
हीटरपासून लांब ठेव,
आणि पाणी कमी घाल गं बाई.

सोमवारी साडेअकराला
समोरच्या खाडीवर निळं उतरलं,
सूर्य नाही, त्याची नुसती बातमी,
जेमतेम दीड तासाची.
सगळे दिवे मालवले.
कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर,
चार सेकंद श्वास धरून.
पहिला हलला, वरच्यांचं वॉशिंग मशीन फिरत होतं.
दुसरा आला.

त्यात आठ पानं, पिवळं अगदी समोर,
मातीतली सुकलेली देठं,
हीटरची एक फासळी,
काठावर एइविनचा विसरलेला कप.
सगळं थोडं निळं, थोडं थकलेलं, जसं होतं तसं.
एक शब्द न लिहिता पाठवला.

खूप वेळ काही आलं नाही.
मग तिचा फोटो.
आजवर ती कायम सूर्य पाठीशी घेऊन उभी राहायची,
भोवती लखलखाट आणि मधे चेहऱ्याच्या जागी काळोख;
मी म्हणायची, किती छान बर्फ.
या वेळी ती उजेडाकडे वळली होती.
मध्यरात्रीचं ऊन थेट गालांवर,
गाल बसलेले,
ओठ फुटलेले,
डोळ्यांखाली झोप न लागलेल्या आठवड्यांची मोजदाद.

मी मोठा करून पाहिला.
बोट लावून.

काय लिहावं कळेना, तेव्हा लिहिलं:
तू मात्र पाणी पी गं बाई.

डॉक्टरांनी मला एक पांढरा दिवा दिलाय,
रोज सकाळी अर्धा तास त्याच्यापुढे बसायचं, हिवाळा सरेपर्यंत.
आता आम्ही दोघी बसतो, मी आणि बिगोनिया.
कॅमेरा खणात.
काल देठापाशी काहीतरी लालसर टोचलंय,
पान असेल, नसेलही.
अजून कळवलेलं नाही.